घंटेच्या आधी

मी मत्सरी बाई आहे. हे मी लपवत नाही, कारण ते लपत नाही, माझ्या चेहऱ्यावर येतं. शाळेत असताना दुसऱ्या बाईंच्या वर्गाचा निकाल माझ्यापेक्षा चांगला लागला की मी त्यांचं अभिनंदन करायला जायचे आणि त्या माझा चेहरा बघून आधी मला खुर्ची द्यायच्या. शेजारणीच्या मोगऱ्याला जास्त कळ्या आल्या तर मी दोन दिवस तिच्या गॅलरीकडे बघत नाही. पण हे सगळं किरकोळ झालं. आयुष्यात सगळ्यात जास्त मी ज्या माणसावर जळले तो माझ्याच घरात राहतो, माझ्याच हातची भाकरी खातो, आणि टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवतो की खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या वेगळ्या लावाव्या लागत नाहीत.

म्हणजे आमचे हे.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशा टांगला, हातात पट्टी घेतली की मला जगात दुसरं काही लागत नसे. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पोळ्या झाल्या, ओटा पुसून झाला, आणि मग मला कळेना की आता उभं कुठे राहायचं. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. नवरा माझ्या आधीच निवृत्त होऊन खुर्चीत स्थायिक झालेला. भेटेल तो म्हणायचा, बाई, आता आराम करा. आराम हे काय माणसाचं काम आहे? मी कशासाठी आहे, हा प्रश्न नोकरीत असताना मला कधी पडला नव्हता, कारण वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं. आता तो ओट्याशी, गॅलरीत, भाजी निवडताना, कुठेही पडायला लागला.

त्याच सुमाराला आमच्या कॉलनीतल्या गणपती मंदिराच्या मागच्या हॉलमध्ये सकाळचा योगाचा क्लास सुरू झाला. आमची कॉलनी सातपूरची, बहुतेक घरं कारखान्यांत नोकरी केलेल्यांची. पहिल्या आठवड्यात बायका पंजाबी ड्रेस घालून लाजत लाजत आल्या आणि पुरुष मफलर न काढता आले. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पाठ ताठ, आवाज गोड, आणि कुणी कितीही चुकलं तरी रागवत नसत. मी आयुष्यभर रागवून शिकवलेलं, त्यामुळे मला ते आधी पटलं नाही. पण मी रोज जायला लागले.

आसनं मला यथातथाच जमली. मला धरून ठेवलं ते शनिवारने. शनिवारी आसनं झाली की मॅडम अर्धा तास योगामागचा विचार सांगायच्या. यम, नियम, मन कशाकशाने गढुळतं, ते निवळतं कसं. मला वाटलं, अरे, हा तर नकाशा आहे. नद्या कुठून निघतात आणि कुठे मिळतात ते मी इतकी वर्षं मुलांना दाखवत होते, आणि हे आतलं कुणी मला दाखवलंच नव्हतं. मी शनिवारी पहिल्या रांगेत मधोमध बसायचे, आणि तिथे दुसऱ्या कुणी सतरंजी टाकली तर मी तिच्या शेजारी उभी राहायचे, ती उठेपर्यंत.

शवासनात पडल्यावर मॅडम सांगायच्या, मनात एक वाक्य धरा. तुम्हाला काय पाहिजे ते नाही, तुम्ही कशासाठी आहात ते. त्याला संकल्प म्हणायचं. कुणाला सांगायचं नाही. आणि ते वाक्य आपण बनवायचं नसतं, ते आपोआप येतं, येईपर्यंत थांबायचं. आता मला थांबणं जमत नाही. मी पहिल्याच दिवशी वाक्य बनवून टाकलं, की मी शिकवण्यासाठी आहे. पुढे त्यात दुरुस्ती केली, की मी योग शिकवण्यासाठी आहे. मग एका शनिवारी मॅडम म्हणाल्या की पाथर्डी फाट्याच्या लोकांना रविवारी सकाळी ध्यानाची बॅच हवी आहे, मला तिकडे दर रविवारी जमणार नाही, तेव्हा आपल्यातलंच कुणीतरी पुढे बसेल, मी बघून ठरवते. हे ऐकताना मॅडम माझ्याकडे बघत होत्या. निदान मला तसं दिसलं. घरी येईपर्यंत माझ्या वाक्याला पाथर्डी फाटासुद्धा जोडला गेला होता.

मग मी तयारीला लागले. पहाटे उठून बसायचे. शनिवारी ऐकलेलं रात्री उजळायचे. आरशासमोर उभं राहून, रागवायचं नाही अशा आवाजात बोलून बघायचे. इतक्या वर्षांनी मला पुन्हा उभं राहायला एक जागा दिसत होती, आणि ती मला हवी होती. सरळच सांगते, हावरटासारखी हवी होती.

आणि नेमकं तेव्हा डॉक्टरांनी ह्यांचं ब्लडप्रेशर तपासून सांगितलं, काकूंबरोबर योगाला जात चला.

आमचे हे मूळचे सटाण्याकडचे. सातपूरला एका कारखान्यात प्रेसशॉपमध्ये होते. पत्रा ठोकणाऱ्या मशीनांच्या दणदणाटात उभं राहून राहून कान गेले. आता कानांत मशीन असतं, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आत बसवलं की बाहेरून दिसतही नाही. ते घालूनही घरात त्यांना माझं अर्धंच ऐकू येतं. उरलेलं अर्धं ऐकू येत नाही की ऐकायचं नसतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. देवाधर्माचं म्हणाल तर गणपतीत आरतीला टाळ वाजवतात, तोही एक ठोका मागे. अध्यात्माशी संबंध तेवढाच.

असा माणूस मी स्कूटरवर मागे बसवून क्लासला नेला. त्यांना गुडघ्यांमुळे नीट मांडी घालता येत नाही, म्हणून मागच्या भिंतीशी, चपलांच्या रॅकजवळ जागा घेतली. मी माझ्या पहिल्या रांगेत. मागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं आणि बघायची इच्छाही नव्हती. आसनं झाली, शवासन झालं, मग कपालभाती, भ्रामरी, आणि शेवटी डोळे मिटून ध्यान. ध्यान संपलं की मॅडम पूजेतली लहान घंटा वाजवायच्या. त्या दिवशी घंटा वाजली, मी डोळे उघडले, सतरंजी गुंडाळली, मागे वळले. बघते तर सगळे एकाच दिशेला बघत होते. भिंतीशी आमचे हे बसलेले. डोळे मिटलेले, हात मांडीवर, चेहरा असा शांत की मी लग्नापासून तसा बघितला नव्हता.

मी हाक मारणार, तेवढ्यात मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. सगळा हॉल चूप. आमच्या कॉलनीत एक वकीलबाई आहेत, खऱ्याखुऱ्या कोर्टात जाणाऱ्या, त्या माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "पहिल्याच दिवशी हो. कुठे पोचलेत बघा." थोडा वेळ गेला. मग मॅडम हळूच मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही जा. बोलू नका. नुसता खांद्यावर हात ठेवा."

मी मागे गेले. त्यांच्या डाव्या बाजूला रॅकपाशी जागा होती, तिथून वाकून डाव्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले, वर माझ्याकडे बघितलं आणि हसले. "झालं?" म्हणाले. अख्खा हॉल गहिवरल्यासारखा झाला.

मला वाटलं, पहिल्या दिवसाची डुलकी असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग ती क्लासची रीतच होऊन बसली. घंटा झाली की लोक सतरंज्या गुंडाळायचे आणि थांबायचे, कुणी घरी जायचं नाही. मी पुढच्या रांगेतून निघून सगळ्यांच्या मधून मागच्या भिंतीपर्यंत जायचे, हात ठेवायचे, मग दर्शन व्हायचं. पुजाऱ्याने पडदा बाजूला करावा तेवढं माझं काम. सगळ्यांच्या नजरा पडद्यामागच्यावर.

मला काय झालं ते स्पष्ट सांगते. माझ्या पोटात दुखलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी म्हटलं असतं, असतो एखाद्याचा पिंड. पण हा माणूस! ज्याला मी शनिवारचं काही सांगायला लागले की रिमोट हातात घेतो. ज्याला चित्त म्हणजे काय विचारलं तर जंगलातला चित्ता आठवेल. मी पहाटे उठून, पाय बधिर करून, मनाच्या मागे पट्टी घेऊन धावत होते, आणि हे चपलांच्या रॅकला टेकून बसल्या बसल्या पोचले. निवृत्तीनंतर एकच गोष्ट मला माझी स्वतःची वाटायला लागली होती, तीही यांनी न मागता घेतली.

घरी मी पाळत ठेवली. एकदा जेवताना विचारलं, "तुम्ही डोळे मिटून बसता तेव्हा नेमकं काय करता?"

"बसतो."

"ते कळलं. मनात काय येतं?"

"काही खास नाही," ते म्हणाले आणि कांद्याची फोड घेतली.

काही खास नाही! हे किती अवघड असतं ते ज्याने बसून बघितलंय त्यालाच कळेल. माझ्या मनात एका मिनिटात गॅस सिलिंडर येतो, मुलीने फोन केला नाही ते येतं, वकीलबाईंची नवी जांभळी मॅट येते, आणि मग मागच्या भिंतीशी बसलेला नवरा येतो आणि तो काही जात नाही. त्या रात्री मी त्यांना भाकरी वाढायला दोनदा विसरले. मुद्दाम.

एका शनिवारी मॅडमनी चार भावना समजावल्या. सुखी माणूस दिसला तर मैत्री धरावी, दुःखी दिसला तर करुणा. वाईट वागणारा असेल तर तिकडे लक्ष देऊ नये. आणि कुणी काही चांगलं साधलेलं दिसलं तर त्याच्यासाठी आपल्याला आनंद व्हावा, याला मुदिता म्हणतात, मन निवळायला याच्यासारखं औषध नाही. "म्हणजे बघा," मॅडम म्हणाल्या, "काकांना बसलेलं बघून आपल्या सगळ्यांना जे वाटतं ना, ते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला जे वाटत होतं त्याला मराठीत वेगळे पुष्कळ शब्द आहेत.

तरी मी प्रयत्न केला. भाकऱ्या थापताना मनात म्हणायला लागले, नवरा पुढे गेला, मला आनंद आहे, नवरा पुढे गेला, मला आनंद आहे. भाकरीला पाणी लावायचं राहून गेलं, ती तव्यावर चिरली. मुदितेचा अभ्यास मी तिथे थांबवला आणि दुसरा मार्ग धरला. घंटेनंतर बसून राहायचं. एवढंच ना? मीही बसेन.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली आणि मी डोळे मिटूनच ठेवले. पाठ ताठ, चेहरा शक्य तितका शांत. सतरंज्या गुंडाळल्याचे आवाज आले. कुणीतरी जवळ आलं. मी वाट बघत होते की आता मॅडम सगळ्यांना गप्प करतील. मॅडम वाकून म्हणाल्या, "काकू, चक्कर येतेय का?" वकीलबाईंनी विचारलं, "शुगर आहे का हो यांना?" आणि कुणीतरी लिंबू सरबत आणायला धावलं. ते मला सगळ्यांसमोर प्यावं लागलं. मागे आमचे हे तसेच बसलेले, त्यांना काही पत्ता नाही. सरबताचा पेला खाली ठेवून मीच जाऊन त्यांना उठवलं.

मग तो शनिवार आला. मॅडम म्हणाल्या, "पाथर्डी फाट्याच्या बॅचचं मी ठरवलंय. पुढे काका बसतील. त्यांनी काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. सूचना मी रेकॉर्ड करून देईन. लोक त्यांच्याकडे बघूनच शिकतील." टाळ्या वाजल्या. मग मॅडम प्रेमाने माझ्याकडे वळल्या. "आणि काकू, तुम्ही त्यांना घेऊन याल ना? उठवायला तुम्हीच लागता."

मी हो म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी गोड हसत होते. म्हणजे माझं वाक्य असं होतं तर. मी नवऱ्याला स्कूटरवर बसवून नेण्यासाठी आहे. वकीलबाई म्हणाल्या की त्याही पहिल्या रविवारी येतील, असा योग कुठे येतो. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मॅडम काय म्हणत होत्या?"

"तुम्हाला पाथर्डी फाट्याला पुढे बसायचंय. रविवारी."

"तू असशील ना?"

"असावंच लागेल. मी नाही तर कोण नेणार?"

"मग ठीक आहे," म्हणाले आणि टीव्ही लावला. मला वाटलं, चढलीय यांना.

झोपत असणार, अशी माझी पक्की खात्री झाली. त्याशिवाय हे शक्यच नाही. पण घोरणं ऐकू येत नाही, मान पडत नाही. तेव्हा सोमवारी मी पुढे पंख्याचं वारं लागतं म्हणून सांगितलं आणि सतरंजी घेऊन थेट मागे, त्यांच्यापासून जरा अलीकडे बसले. आसनं सगळी ते पुढच्यांकडे बघून करत होते, एक ठोका मागे, आरतीसारखी. कपालभाती झाली. मग भ्रामरी. भ्रामरीत अंगठ्यांनी कान बंद करून भुंग्यासारखा गुंजारव करायचा असतो. मी एक डोळा उघडा ठेवला होता. सगळ्यांचे अंगठे कानांकडे गेले, आणि आमच्या ह्यांनी एका कानातून मशीन काढलं, दुसऱ्या कानातून काढलं, दोन्ही चष्म्याच्या घरात ठेवली, घर बंद करून शर्टाच्या खिशात टाकलं, आणि मग निवांतपणे अंगठे कानांत घातले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कान बंद केले की मशीन शिट्टी मारतं, घरी उशीवर डोकं टेकलं तरी मारतं. म्हणून काढलं. भ्रामरी संपली, सगळे ध्यानाला बसले, ह्यांनी इकडे तिकडे बघून डोळे मिटले. मशीन खिशातच. थोड्या वेळाने घंटा वाजली. ती त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. भिंतीपलीकडे फटाक्यांची माळ लावली असती तरी ते तसेच बसून राहिले असते.

मला इतका आनंद झाला की तोंडातून हसू फुटलं. समाधी कसली आणि काय कसलं! बहिरा माणूस बसला होता. मी उठून सवयीने डाव्या बाजूने गेले. त्यांनी डावा खांदा जरासा खाली घेतला होता, मला वाटलं, डुलकीच. हात ठेवला. त्यांनी वर बघितलं, हसले. मीही हसले, पण माझं हसणं वेगळं होतं.

मॅडमना सांगायला मला दुपारपर्यंतसुद्धा धीर धरवला नाही. ह्यांना दूध आणायला पाठवलं आणि हॉलच्या पायऱ्यांवरच सगळं सांगून टाकलं, भ्रामरी, शिट्टी, चष्म्याचं घर. मॅडमचा चेहरा लाल झाला. इतके दिवस त्या सगळ्यांना काकांकडे बघा म्हणून सांगत होत्या. मग त्यांना हसू आलं. "असू दे, काकू," म्हणाल्या, "कुणाला सांगायला नको. पण मग पुढे त्यांना बसवणं बरोबर नाही." मला सुचवावं लागलं नाही. "तुम्ही बसाल का?" त्या म्हणाल्या.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, पुढे बसायचं म्हणजे अवघडच होतं. मी येतो, मागे बसतो. एवढंच. त्यांना जरासुद्धा वाईट वाटलं नाही, याचाही मला थोडा राग आला.

रविवारी मी पाथर्डी फाट्याच्या हॉलमध्ये पुढे बसले. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, समोर घंटा, समोर नवीन चेहरे. मी बोलायला लागले आणि पहिल्या दोन वाक्यांत मला कळलं की मला हे येतं. आवाज जिथे पाहिजे तिथे पडत होता. लोक माझ्याकडे बघत होते, मग मी सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. इतकी शांतता मी केली होती. मला वाटलं, सापडलं. हेच ते. अजून उशीर झालेला नाही. वेळ झाल्यावर मी घंटा वाजवली, तीही बेताने, छान वाजली.

लगेच दोघीतिघी पुढे आल्या. एकीला गुडघ्याचं विचारायचं होतं. एका गृहस्थांना रोज किती वेळ बसावं ते हवं होतं. मी तोंडभर उत्तरं देत होते. देता देता मी मागे बघितलं.

आमचे हे भिंतीशी बसलेले, डोळे मिटून. डावा खांदा जरा खाली. आणि वकीलबाई त्यांच्या उजवीकडून आल्या, जांभळी मॅट काखेत, आणि त्यांनी अगदी हळूच, मी ठेवते तस्सा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ह्यांनी डोळे उघडले. आधी डावीकडे वर बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मग उजवीकडे बघितलं. वकीलबाई हसल्या. हे हसले नाहीत. चष्म्याचं घर काढून मशीन लावायला लागले.

मी त्या गृहस्थांना काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. निकालावर जळले, मोगऱ्यावर जळले, नवऱ्याच्या समाधीवर जळले, पण असं कधी झालं नव्हतं. मला पुढची जागा मिळाली होती, घंटा माझ्या हातात होती, आणि मला त्या क्षणी फक्त वकीलबाईंचा हात तिथून उचलायचा होता.

स्कूटरवर त्यांना काही ऐकू येत नाही, म्हणून घरी येईपर्यंत गप्प राहिले. चहाचा कप त्यांच्यासमोर आपटलाच. "त्यांना कशाला हात लावू दिलात?"

"डोळे मिटले होते," ते म्हणाले. "मला काय कळणार कोणाचा आहे." मग म्हणाले, "तुझा नाही एवढं कळलं. तू डावीकडून येतेस."

"पण इतके दिवस तुम्ही तिथे बसून करत काय होतात? घंटा ऐकू येत नव्हती, तर मला सांगायचं. मशीन घालून बसायचं."

त्यांनी कप खाली ठेवला. आमच्या ह्यांच्या तोंडी गावाकडची भाषा फार क्वचित येते, दमले असले किंवा विचार न करता बोलले तरच. "तुनी वाट दखस," म्हणाले.

तुझी वाट बघतो.

त्यांना वाटलं असावं की मला कळलं नाही. मग नीट समजावून सांगायला लागले. "मशीन काढलं की काही ऐकू येत नाही. डोळे मिटले की काही दिसत नाही. मग आता ही येईल, हात ठेवेल, एवढंच धरून बसतो. बाकी मला काय येतं त्यातलं. घरी तू मला हाक मारतेस ती ओरडून. मला ऐकू येत नाही, तुझा दोष नाही. पण तिथे ओरडत नाहीस. तिथे हात ठेवतेस." मग त्यांनी कप उचलून राहिलेला चहा पिऊन टाकला.

मॅडम शनिवारी सांगायच्या, मन एका जागी बांधायचं आणि मग ते तिथेच राहू द्यायचं, ध्यान म्हणजे याहून वेगळं काही नाही. मला ते इतक्या दिवसांत एकदाही जमलं नव्हतं. हा माणूस ते रोज करत होता, आणि बांधायला त्याला त्याचा डावा खांदा पुरला होता. मला पुन्हा त्यांचाच हेवा वाटायला लागला. मी कधी कुणाच्या हाताची अशी वाट बघत बसले नव्हते. माझ्या हाताची कुणी बघत असेल हेही मला माहीत नव्हतं, आणि तो हात मी रोज पडदा बाजूला करावा तसा वापरून मोकळी होत होते.

पुढच्या रविवारी वकीलबाई ह्यांच्या शेजारीच मॅट पसरून बसल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही पुढे गुंतलेल्या असता, मी उठवत जाईन हो काकांना."

"नको," मी म्हटलं. शाळेतल्या आवाजात म्हटलं. त्या दोन हात लांब सरकल्या.

बॅच अजून माझ्याकडेच आहे आणि ती मी कुणाला देणार नाही. मॅडम एकदा बघायला आल्या होत्या, म्हणाल्या, काकू, पुढे बसणाऱ्याने मध्येच आसन सोडायचं नसतं. मी हो म्हटलं, आणि दर रविवारी सोडते. शवासनात हल्ली मी वाक्य बनवत नाही. एक आलेलं आहे, पण ते सांगायचं नसतं.

घंटेला अजून थोडा अवकाश असतो. हॉलभर सगळे डोळे मिटून बसलेले असतात. मी उठते, पावलं न वाजवता डावीकडच्या भिंतीने मागे जाते. खांदा जरा खाली आलेला असतो. मी हात ठेवते. ते डोळे उघडतात आणि वर बघतात. तेवढा वेळ त्या अख्ख्या हॉलमध्ये आम्हा दोघांचेच डोळे उघडे असतात. वकीलबाईंचे मिटलेले आहेत, हे मी दर वेळी वळून नीट बघून घेते. मग पुढे जाऊन घंटा वाजवते.